सोमवारचे पेढे

"ताई, सात महिने झाले, दर सोमवारी ऑफिस सुटल्यावर गंगापूर रोडला कौन्सेलरकडे जाते. एका वेळचे १,२०० रुपये. पैसे पुरेनात म्हणून आता पंधरा दिवसांनी जाते. यांच्या सातपूरच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये माझंही नाव आहे. त्यातून पैसे मिळतील का? पण क्लेमचा मेसेज यांच्या मोबाईलवर जातो. घरी सोमेश्वरच्या मंदिरात जाते म्हणून सांगितलंय, येताना पेढे आणते. हे स्वभावाने फार चांगले, काही विचारत नाहीत. पेढा कपाळाला लावून खातात."
— एक वाचक, सिडको, नाशिक

अगं, पैशांचं आधी सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला हवं. पण बहुतेक पॉलिस्या दवाखान्यात दाखल झालं तरच पैसे देतात, आणि कौन्सेलिंग म्हणजे ओपीडी, दाखल न होता घेतलेले उपचार. पॉलिसीत ओपीडीचा लाभ असेल तरच काही हाती लागेल. तेव्हाही मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणि पक्की पावती मागतील, म्हणून आत्तापासून पावत्या जपून ठेव. पुढे कधी स्वतःची पॉलिसी काढलीस तर उपचारांच्या रकान्यात 'नाही' लिहू नकोस, त्यावरच बोट ठेवून क्लेम नाकारतात.

पण पॉलिसीत ओपीडी आहे का, हे तू अजून कंपनीत कुणाला विचारलेलंसुद्धा नाहीस ना? कसं विचारणार, विचारायचं तर यांच्यामार्फतच. तुझा क्लेम अडलाय तो त्या पेढ्यांपाशी.

किती सोमवार झाले बघ. तासभर रडून मोकळी होतेस, रुमाल पर्समध्ये कोंबतेस आणि दुकानापुढे उभी राहून पाव किलो पेढे बांधून घेतेस. मन हलकं करायला गेलेली बाई परतीच्या वाटेवरच नवं ओझं उचलते. याचं मला फार वाईट वाटतं गं.

आणि हे "काही विचारत नाहीत" याला तू चांगुलपणा म्हणतेस? मी नाही म्हणणार. बायको सोमवारची देवाला जाते, डोळे सुजवून घरी येते आणि नवरा पेढा खाऊन टीव्हीसमोर बसतो. सात महिन्यांत एकदाही "थांब, मीही येतो" म्हणावंसं वाटलं नाही त्यांना? तुझ्या कौन्सेलर बाई तुझी गोष्ट बाहेर बोलणार नाहीत, त्यांच्या पेशाचा तो नियमच आहे. पण घरात लपवायचं काम तुझ्या एकटीच्या गळ्यात पडलंय, आणि त्यात त्यांच्या न विचारण्याचाही वाटा आहे.

तर येत्या सोमवारी पेढे आणायचे नाहीत. जेवणं झाली, मुलं झोपली की ओट्यावर पावती ठेव आणि म्हण, "मी सोमेश्वरला जात नव्हते, इथे जात होते." कारणं नंतर, रडणंही नंतर. आधी त्यांना ती पावती वाचू दे.

बोलायचा धीर होईना तर त्याआधी १४४१६ वर फोन कर. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, टेलिमानस, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. मग मंगळवारी यांनाच सांग, कंपनीत एचआरला विचारून या, आपल्या पॉलिसीत ओपीडी आहे का.