मका पोर्तुगीजांच्या काळात आला, मग त्याची पानं खाणारी लष्करी अळी एवढ्या उशिरा कशी?

कारण जहाजातून आले ते वाळलेले दाणे. ही अळी कोवळ्या पानांवर जगते, सुक्या दाण्यात तिचं काही चालत नाही. मका मूळचा दक्षिण मेक्सिकोतला, तिथे सुमारे ९००० वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आला. अळीही अमेरिकेचीच. २०१६ मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत आढळली, २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. या अळीचा पुढे पतंग (पंखवाला कीटक) होतो, तो एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जातो, त्यामुळे पुढचा पसारा झपाट्याने झाला.

तोवर इथल्या मक्याला कीड नव्हती असं मुळीच नाही. ज्वारीवरचा आपला खोडकिडा मक्यावर कधीच सरकला होता. तो तर आशियातून उलटा आफ्रिकेत जाऊन बसलाय, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून!

लष्करी अळी ओळखायची असेल तर मक्याचा पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) उघडून बघा. आत भुशासारखी ओली विष्ठा, अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले, की ती हीच. अळी पोंग्यात खोल शिरली की वरवरची फवारणी फुकट जाते.