कॉटन ग्रीन हे नाव कशावरून पडले, असे विचारणाऱ्या मुलीने काय शिकावे?

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

काळाचौकीहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या बारावीत कला शाखेत आहे, भूगोलात तिला उत्तम गुण आहेत आणि जगात शेती कुठे सुरू झाली, पिके एका खंडातून दुसऱ्या खंडात कशी गेली, याच विषयात पुढे शिकण्याचा तिचा हट्ट आहे. आपण पुढे लिहिता, "सासरे संगमेश्वरची शेती सोडून गिरणीत आले, आणि आता नात पुन्हा शेतीकडेच निघाली. यात तिचे पोट भरेल का, की बी.एड. किंवा बँकेची परीक्षा बरी?" पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेली एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्या घराजवळच्या स्टेशनला कॉटन ग्रीन का म्हणतात, हे मुलीने आजोबांना विचारले आणि आजोबांनाही ते सांगता आले नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. कृषी पदवी आणि हा विषय एक नव्हेत. बी.एस्सी. कृषीला बारावी विज्ञान लागते, त्यामुळे ते दार तिच्यासाठी बंद आहे. पण तिला जे शिकायचे आहे ते त्या दारापलीकडे नाहीच. शेती कशी करावी हे कृषी महाविद्यालय शिकवते. अमुक पीक अमुकच ठिकाणी का पिकले, ते तिथे कुठून आले आणि त्यामुळे माणसांचे काय झाले, हे भूगोल, इतिहास आणि पुरातत्त्व सांगतात.

तिच्याच प्रश्नावरून हे स्पष्ट करतो. कापूस ही वनस्पती माणसाने एकदा नव्हे, चार वेगवेगळ्या वेळी माणसाळवली: दोन जाती जुन्या जगात, म्हणजे आशिया-आफ्रिकेत, आणि दोन अमेरिका खंडात. आज बलुचिस्तानात असलेल्या मेहरगढच्या उत्खननात तांब्याच्या एका मण्याच्या भोकात कापसाचे काही तंतू सापडले. तांब्याच्या गंजामुळे ते कुजायचे राहिले, आणि म्हणून आपल्या उपखंडातील माणूस सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी कापूस वापरत होता हे आज आपल्याला ठाऊक आहे. पुढे हेच पीक खानदेश-वऱ्हाडात रुजले, कारण बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली तिथली काळी जमीन पावसाचे पाणी बराच काळ धरून ठेवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची मागणी मुंबई बंदराकडे वळली. त्याच दशकात आगगाडी घाट ओलांडून देशावर पोहोचली. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या-कंपन्या बुडाल्या. गिरण्या मात्र वाढत राहिल्या. कुलाब्याचा कापूस बाजार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीच्या बाजूला हलला, तेच आपले कॉटन ग्रीन.

आता आपल्या सासऱ्यांकडे येऊ. रत्नागिरीची जमीन जांभ्याची. पाऊस धो-धो पडतो, पण माती पातळ. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि खाली खाचरात भात, तोही वर्षभर पुरत नसे. म्हणून घरटी एखादा तरी माणूस मुंबईला जाई. देशावरच्या काळ्या मातीने गिरणीला कापूस दिला, कोकणच्या तांबड्या मातीने कामगार. आपल्या कुटुंबाचा काळाचौकीतला पत्ता हा शेतीच्या भूगोलाचाच एक परिणाम आहे, आणि आपल्या मुलीला नेमके हेच समजून घ्यायचे आहे. तिला मी हट्टी म्हणणार नाही.

विषयाचा आवाका यापेक्षा कितीतरी मोठा आहे. गहू आणि बार्ली पश्चिम आशियातून आली, भात चीनमधील यांगत्झे नदीच्या खोऱ्यातून, मका मेक्सिकोतील टिओसिंटे नावाच्या रानगवतातून, बटाटा अँडीज पर्वतातून. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक वाण आढळतात तो त्याच्या उगमाचा प्रदेश असावा, अशी मांडणी निकोलाय वाविलॉव या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये केली; त्यासाठी जगभर हिंडून बियाणे गोळा करणारा हा माणूस १९४३ मध्ये स्वदेशातील तुरुंगात उपासमारीने मेला. आपल्या घरच्या एकादशीच्या ताटाकडे पाहा: साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे यांपैकी एकही नव्हते. "बटाटा" हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

पोटापाण्याबद्दल मात्र मी स्पष्ट लिहितो. केवळ बी.ए. भूगोल या पदवीवर बरी नोकरी मिळणे कठीण आहे आणि या वाटेवर पदव्युत्तर शिक्षण धरून पाच वर्षे द्यावी लागतील, याची तयारी घरात आधीच झालेली असावी. ज्या मुलांनी विषयाच्या आवडीला एखाद्या पक्क्या कौशल्याची जोड दिली नाही, ती पुढे अडखळलेली मी पाहिली आहेत. म्हणून बी.ए. करतानाच तिने जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती एकत्र हाताळण्याचे तंत्र, आणि सांख्यिकी ही दोन्ही शिकावीत. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. उपग्रहांची बरीच चित्रेही फुकट मिळतात. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करतात, पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून उत्पन्न मोजतात. ही माहिती नकाशावर मांडून तिचा अर्थ लावणाऱ्या माणसांची गरज सरकारी खात्यांना, विमा कंपन्यांना आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थांना आहे.

पदवीनंतर दोन रस्ते दिसतात. वर्तमानाकडे ओढा असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भूगोलात एम.ए. करावे. शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या नाबार्ड या राष्ट्रीय बँकेचे मुख्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे आणि तिथल्या अधिकारी पदाच्या सर्वसाधारण गटाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येते, फक्त गुणांची आणि वयाची अट असते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही भूगोल हा वैकल्पिक विषय आहे. भूतकाळाकडे ओढा असेल तर पुरातत्त्व शिकवणारे पुण्याचे डेक्कन कॉलेज. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन याच संस्थेने केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा तिथला शेतकरी बार्ली पिकवत होता, पाटाने पाणी नेत होता, हे जळक्या दाण्यांवरून आणि मातीतल्या खुणांवरून दाखवून दिले. ही दुसरी वाट अरुंद आहे, जागा थोड्या निघतात. तिची ओढ खरोखर तीच असेल तर अडवू नका, पण जीआयएस तिथेही सोडू देऊ नका. बी.एड.चा विचार एम.ए.नंतरही करता येतो. आज त्याची घाई नको.

बँकेच्या परीक्षेसाठी तिला आत्ताच क्लासला घालावे, असे मला वाटत नाही.

परीक्षा संपल्यावर आपण मे महिन्यात गावी जाल, तेव्हा तिने एक काम करावे. आजोबांना बरोबर घेऊन घरच्या प्रत्येक तुकड्यावर जावे आणि वहीत लिहावे: तुकड्याचे नाव, तिथे पूर्वी काय पिकत होते, राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जमीन) कुठे भाजत, वाण कोणता, बियाणे कोणाकडून येई, पीक कोणत्या साली थांबले आणि का. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे ब्रिटिश काळातील जिल्हावार माहितीग्रंथाचा, रत्नागिरीवरचा १८८० चा खंड वाचनालयात मागून त्यातील शेतीचे प्रकरण वाचावे आणि आजोबांचे म्हणणे त्याच्याशी ताडून पाहावे. या कामात तिचे पंधरा दिवस आनंदात गेले, तर जूनमध्ये भूगोलाचाच अर्ज भरा. कंटाळली, तर तेही मला मोकळेपणी कळवा. मग आपण वेगळा विचार करू. वही मात्र दोन्ही प्रसंगी माझ्याकडे पाठवा. आजोबांनी सांगितलेली वाणांची नावे मला वाचायची आहेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक