कापलेल्या लाकडाची लष्करी रायफल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आजोबांच्या रायफलीचे पुढचे लाकूड अर्ध्यावरच संपते. पकडीशेजारी उजव्या बाजूस धातूवर मुकुट, ‘जी. आर. आय.’ आणि १९४२ असे कोरलेले आहे. ही रायफल शिकारी की लष्करी?

उत्तर : मूळची लष्करी. ‘जॉर्जियस रेक्स इम्परेटर’, अर्थात राजा-सम्राट जॉर्ज, याची ही आद्याक्षरे बंगालमधील इशापूर कारखान्याच्या ली-एन्फिल्ड या ब्रिटिश बनावटीच्या लष्करी रायफलींवर आढळतात. मात्र केवळ आखूड लाकूड पाहून कोणतीही रायफल ‘कापलेली’ ठरवू नये, ०.३०३ ही लष्करी बोअर (नळीच्या आतील व्यासाचे इंचातील माप) नागरिकांना निषिद्ध असल्याने इशापूरने त्याच यंत्रणेवर ०.३१५ बोअरच्या शिकारी रायफली घडवल्या, आणि त्यांचे लाकूड मुळातच आखूड असते. हाताने कापलेल्या टोकाशी बहुधा कानशीचे ओरखडे दिसतात. बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीमागील क्रमांक नळीच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. परवान्यावर नोंदलेली बोअर सर्वात आधी तपासा, कारण निषिद्ध बोअरचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

प्रश्न (खारघर) : माझ्याकडील परवानाधारक ली-एन्फिल्डला पूर्ण लांबीचे लाकूड बसवून मूळ रूप द्यावे का?

उत्तर : ते नळीवर अवलंबून आहे. लष्करी आखूड ली-एन्फिल्डची नळी २५.२ इंच, म्हणजे सुमारे ६४ सेंटिमीटर असते. ती कापलेली असेल, किंवा दुर्बिणीसाठी वरच्या धातूत छिद्रे पाडलेली असतील, तर नवे लाकूड म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. नळी शाबूत असल्यास हे काम परवानाधारक कारागिराकडून अवश्य करून घ्यावे, पण जुन्या कुंद्याला पॉलिशपेपर लावू देऊ नये, कारण तपासणीचे शिक्के त्या लाकडातच दाबलेले असतात आणि एकदा घासले की ते कायमचे जातात. अळशीच्या तेलाचा हलका हात पुरे. (आरशासारखा चकाकणारा जुना कुंदा पाहिला की मला धसकाच बसतो.) काही इशापुरी रायफलींच्या पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली असते, ती कोणा सुताराची डागडुजी नसून, रायफलीतून ग्रेनेड फेकताना लाकूड फुटू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे. ती सोडवू नये.

प्रश्न (ऐरोली) : न चालणाऱ्या रायफली परवान्याविना भिंतीवर लावता येतील का?

उत्तर : ‘चालत नाही’ एवढे पुरेसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून चालू न शकणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. कवायतीच्या रायफलीवरील ‘डी. पी.’ (ड्रिल पर्पज, म्हणजे कवायतीपुरती) हा शिक्का तसा पुरावा ठरत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनऐवजी दोन शस्त्रांची झाली असून, वारशाने आलेली शस्त्रेही त्यातच मोजली जातात. ऐरोलीसाठी चौकशी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात करावी, आणि तीही खरेदीपूर्वी.