डोबरमन, कारवान आणि वावराची राखण

प्रश्न : वावर गावापासून दोन किलोमीटर. मोटरपंपाची केबल चोरीला जाते म्हणून मुलगा डोबरमनचं पिल्लू आणतो म्हणतो. पण लोक सांगतात, चार-पाच वर्षांत त्याचा मेंदू कवटीत मावत नाही अन् ते मालकालाच फाडतं. घरात दोन वर्षांची नात आहे. आणावं का?
– एक शेतकरी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मेंदूची गोष्ट साफ खोटी. कवटी आणि मेंदू बरोबरीनेच वाढतात. घरासाठी पिल्लू आणायला हरकत नाही, पण वावरात एकटं सोडायचं असेल तर आणू नका. जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या लुई डोबरमनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात घडवली, ती माणसासोबत राहून त्याची राखण करायला. दिवसभर साखळीला बांधून रात्री सोडलं की हेच कुत्रं बिथरतं आणि मग लोक मेंदूला दोष देतात. वावरासाठी लस टोचलेली, नसबंदी केलेली गावठी कुत्र्यांची जोडी बरी. आसपास बिबट्या फिरत असेल तर त्यांनाही रात्री बाहेर बांधू नका.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला मजूर, ढोरं, ट्रॅक्टर, लहान मुलं सगळं दाखवा, पण उचलून. या जातीला पार्व्होचा (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) धोका जास्त, म्हणून लसी पुऱ्या होईस्तोवर रस्त्यावर सोडायचं नाही. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

नात आणि कुत्रं कधीच एकटे ठेवू नका, ते खात असताना तर नाहीच. गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती मार देऊन बंद केली की कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. काळोखात कोंडणं, मिरची चारणं हे गावातले ‘तिखट’ करायचे उपाय क्रूर आहेत, शिवाय त्याने कुत्रं भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रंच जास्त चावतं. शांत कुत्रं अचानक चावू लागलं तर आधी कान, दात, सांधे दुखतात का ते तपासून घ्या. लस झालेली नसेल तर रेबीजचा संशय धरून त्याच्यापासून दूर राहा. कोणाला चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा.

मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. सावली, ओलं पोतं, पाण्याचा माठ हवा. जेवण सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर, आणि जेवल्यावर तासभर पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो.

प्रश्न : लातूरकडून कारवान (सडपातळ शिकारी जातीचा कुत्रा) आणला. रोज दोन लिटर दूध-भाकर देतो, तरी फासळ्या दिसतात. लोक म्हणतात, उपाशी ठेवता.
– एक वाचक, वरूड, जि. अमरावती

उत्तर : लोकांना म्हणू द्या. मागच्या दोन-तीन फासळ्या दिसणं या जातीला शोभतंच. पाठीचा कणा आणि कमरेची हाडं टोकदार दिसू लागली तर त्याची विष्ठा तपासून जंताचं औषध द्यावं. दूध मात्र कमी करा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना ते पचत नाही, जुलाब होतात. त्याऐवजी भाकरीसोबत उकडलेली अंडी, हाडं काढलेलं चिकन द्या. शस्त्रक्रियेची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, कारण अंगावर चरबी कमी असल्याने काही भुलीची औषधं फार वेळ उतरत नाहीत. ससा दिसला की हाक ऐकत नाही, म्हणून उघड्या वावरात लांब दोरी ठेवाच. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : पॉमेरियन लहान असतं, म्हणजे मुलांसाठी निर्धोक ना?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : आकारावरून ठरवू नका. मुलांनी शेपूट ओढली की ते पटकन चावतं. आपल्याकडे या नावाने बहुतेक इंडियन स्पिट्झ विकतात. उन्हाळ्यात केस रोज विंचरा, पण वस्तरा लावू नका, कातडी भाजते आणि केस पूर्वीसारखे येतीलच असं नाही.