नवी गाडी घेतलीस, तर ऐक बाप्पा

दुचाकी गाडी घेतलीस, छान केलंस. सकाळच्या गारव्यात पांढरकवडा रस्त्यानं दोन्ही बाजूच्या कापसाच्या वावरांमधून जायची मजा मोटारीत बसून कळत नाही. पण पावसात पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, गाडी घालू नको. आपली काळी माती चाक अन् मडगार्डच्या मधात अशी ठासून बसते, का चाकच फिरत नाही. मी एकदा तुराटीनं चिखल खरवडत तासभर बसलो होतो. चपला तर किलो किलोच्या झाल्या होत्या.

संध्याकाळी जास्त सांभाळ. एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवा गेला की लगेच रेस पिळू नको, मागून दुसरा येतोच. मी तिसऱ्याला धडकलो. खांदा अजून ठणकते. हंगामात बिनलाइटच्या ट्रॉल्या उभ्या असतात, अन् रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. दाण्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरलीच, म्हणून आधीच हळू हो.

आयएसआय मार्कचं हेल्मेट घाल, पट्टा लावून. आरशाला टांगलेलं हेल्मेट आरशालाच वाचवते. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपास. मे महिन्यात दुपारी 45 डिग्रीत काटा उगाच वर दिसतो. अन् वहिनीला मागे बसवायच्या आधी महिनाभर एकट्यानं चालव.