दाढेतली चौथी नळी राहून गेली, दाद कुठे मागायची?

प्रश्न : १९ महिन्यांपूर्वी वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली, १३,५०० रुपये दिले. दोन महिन्यांतच चावताना कळ येऊ लागली. डॉक्टरांनी दोनदा कॅप घासून दिली, अँटिबायोटिक दिलं, पण एक्स-रे काढला नाही. आता हिरडीवर पुवाची पुळी आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) पाहून सांगितलं की चौथी नळी भरलेलीच नाही. येत्या गुरुवारी ते दाढ पुन्हा उघडणार आहेत. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘संमतीपत्रावर तुमची सही आहे.’ पोलिसांत जाऊ की ग्राहक आयोगात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुवारचा उपचार पुढे ढकलू नका. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात, संसर्ग तिकडे पसरू शकतो. दाव्यासाठी दुखणं अंगावर काढू नका.

पण नळ्या साफ झाल्या की तुमचा मुख्य पुरावाही गेला. म्हणून बुधवारीच नव्या डॉक्टरांशी बोला. सीबीसीटीची मूळ डिजिटल फाइल घ्या, छापील अहवालावर भागवू नका. दाढ उघडल्यावर न भरलेल्या नळीच्या तोंडाचा फोटो आणि तिच्यात फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) घालून काढलेला एक्स-रे मागा. जुना भरणा कोणत्या नळ्यांत आहे, कुठवर पोहोचला आहे, चौथ्या नळीत काय सापडलं, हे केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. तोंडी सांगणं आयोगासमोर टिकत नाही.

आता कठीण भाग. या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दोन नळ्या असतात. दुसरी फार बारीक, तिचं तोंड दाताच्याच थराखाली झाकलेलं, आणि साध्या एक्स-रेत दोन्ही एकावर एक येतात. त्यामुळे नळी सुटली एवढ्यावरच निष्काळजीपणा ठरत नाही. साधारण कौशल्याच्या दंतवैद्याने जी काळजी घेतली असती ती घेतली का, हे आयोग पाहतो. तुमची बाजू भक्कम होते ती नंतरच्या दोन भेटींमुळे. रूट कॅनाल झालेली दाढ चावताना दुखत राहिली, तर तिरप्या कोनातून एक्स-रे काढून नळी राहिली का ते बघायचं, नाहीतर रूट कॅनालतज्ज्ञाकडे पाठवायचं. आत जंतू तसेच असताना अँटिबायोटिकने दुखणं फक्त दबतं. त्या दोन भेटींच्या चिठ्ठ्या, मेसेज, यूपीआयच्या नोंदी आजच एकत्र करा.

पहिल्या डॉक्टरांना स्पीड पोस्टने अर्ज पाठवून केसपेपर, सर्व एक्स-रे आणि संमतीपत्राची प्रत मागा. दंत परिषदेच्या आचारसंहितेनुसार कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. दिली नाहीत, तर तेही तक्रारीत लिहा. सहीचं म्हणाल, तर संमती उपचाराला आणि सांगितलेल्या धोक्यांना असते, हलगर्जीला नसते.

पोलिसांत जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा लागतो. इथे तो दिसत नाही.

मुदतीबाबत सावध राहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती दोन वर्षांची आहे. दोष आत्ता कळला म्हणून मुदत आत्तापासून, असं गृहीत धरू नका. २०१० च्या श्रीखंडे प्रकरणात १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेलं कापड २००२ मध्ये सापडलं. तरी इतकी वर्षं दुखत असताना तपासणी करून घेतली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दावा मुदतबाह्य ठरवला. तुमची कळ दुसऱ्याच महिन्यात सुरू झाली होती. कॅप बसवल्याच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा. हातात जेमतेम पाच महिने आहेत.

आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. मग सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तुम्ही राहता तिथे ती चालते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. जुने १३,५०० रुपये, सीबीसीटी, नवं रूट कॅनाल, नवी कॅप हे पावत्यांसह मागा, मानसिक त्रासाची रक्कम वेगळी. नवे डॉक्टर लेखी मत द्यायला कचरले, तर शासकीय दंत महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचं मत मागवावं, असा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.