शिरस की शिसव: आधी नाव कागदावर नीट येऊ द्या, चिरायचं नंतर बघू

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. अक्कलकोट तालुक्यात बांधावरचं जुनं झाड वळवाच्या वादळात उन्मळून पडलं, बुंध्याचा घेर सहा फूट, शेजारी म्हणतात शिसव, मेव्हणे म्हणतात रेन ट्री, आणि तुम्हाला त्याच्या जाड स्लॅब, म्हणजे रुंद सलग फळ्या, पाडून जेवणाचं टेबल करायचंय. जवळजवळ हेच प्रकरण मी दक्षिण सोलापुरात निस्तरलंय. करवत कुठली घ्यावी, साखळीला धार कशी लावावी यावर वर बरेच जण बोललेत, ते मी सोडून देतो.

फोटोंवरून मी तरी शिरीष म्हणेन, आपल्याकडे शिरस म्हणतात तोच. कापलेल्या तोंडावर बाहेरचा पांढरट पट्टा चांगला तीन-चार बोटं रुंद दिसतोय, आत गाभा तपकिरी आणि त्यात गडद रेघा. शिसवाचा पांढरा भाग अरुंद असतो, गाभ्याला जांभळट झाक असते आणि ताजा कापला की गोडसर वास येतो. अर्थात फोटोतल्या रंगावर पैज लावू नका. मोबाईल रंग बदलून दाखवतो आणि ओलं लाकूड सुकल्यावर वेगळंच दिसायला लागतं.

पानं शिल्लक असतील तर वादच नाही. शिसवाच्या पानाला पाच-सात गोलसर पर्णिका, म्हणजे एकाच दांड्यावरची छोटी पानं, त्याही एकाआड एक. शिरसाचं पान दुहेरी, म्हणजे मधल्या दांड्याला फांदीसारखे छोटे दांडे आणि त्यांच्यावर पर्णिकांच्या जोड्या. रेन ट्रीचंही असंच असतं, त्यामुळे मेव्हण्यांना हसू नका. तिथं शेंग बघायची. शिरसाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळक्या गवताच्या रंगाची, उन्हाळ्यात वाऱ्यावर खुळखुळते. रेन ट्रीची जाड, काळपट, आत गोड चिकट गर, गुरं आवडीनं खातात. झाड मेमध्ये पडलंय म्हणजे बुडाशी पाचोळ्यात जुन्या शेंगा असणारच. हे वाचून झालं की उठा आणि पिशवीभर गोळा करा. का, ते पुढे सांगतो.

फांद्या आधीच सरपणात गेल्या असतील तर लाकडाच्या तुकड्यावर भागवावं लागेल. आडवा छेद नव्या ब्लेडनं गुळगुळीत कापा, थोडं पाणी लावा आणि दहा पटीच्या भिंगातून बघा. शिरसाची छिद्रं मोठी असतात, नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, आणि त्यांच्याभोवती फिकट कडं असतं. शिसवाच्या फळीच्या सपाट बाजूवर बारीक आडव्या लाटा ओळीनं दिसतात, शिरसात त्या नसतात. दुसरी सोपी परीक्षा: पूर्ण वाळलेल्या गाभ्याची 10 सेंटीमीटरची सरळ कांडी उंच अरुंद ग्लासात उभी तरंगवा. शिरस साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर बुडतो, शिसव आठच्या पुढे जातो. बाभूळही आठच्या आसपासच जाते, म्हणून एकट्या या परीक्षेवर विसंबू नका. आणि शिरसाचा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. आमच्या मिस्त्रींनी तर तेवढ्यावरच निकाल दिला: "मालक, हे शिसव न्हाई. शिसवानं कुणी एवढं शिंकतंय का?" मास्क लावा, हे गमतीनं म्हणत नाही.

आता मला हे सगळं पाठ का आहे ते ऐका.

आमचं झाड रस्त्याच्या कडेला पडलं, त्यामुळे पंचनामा झाला. आलेल्या माणसानं गाडीवरून न उतरताच विचारलं कुठलं झाड, मी सांगितलं शिरस, त्यानं लिहिलं शिसव. तिथल्या तिथे दाखवून दिलं तर म्हणाला, लिहिलंय ते लिहिलंय, दुरुस्तीचा अर्ज द्या. दिला. मग त्या कार्यालयाला (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) साक्षात्कार झाला की हे मौल्यवान लाकूड आहे, असं सहजी सोडता येणार नाही. झाड शिसव नाही याचा तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले. कुठल्या तज्ज्ञाचा, हे कुणी सांगेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून लेटरहेडवर लिहून आणलं, तर हे चालत नाही. मग काय चालतं ते लेखी द्या म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर. पुढे बैठकीला. पुढे निवडणुकीच्या कामाला. टेबलावरची मंडळी बदलत राहिली, उत्तर तेच.

खरा संताप याच्या पुढचा आहे. ओंडका उघड्यावर, सोलापूरचा उन्हाळा, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. लाकूड टोकांकडून सगळ्यात लवकर सुकतं, आतला भाग ओलाच राहतो, म्हणून टोकं फाटतात. त्यावर उपाय साधा आहे: कापल्याबरोबर दोन्ही तोंडांना मेण, जाड ऑइल पेंट नाहीतर फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यायचे. डबा आणि ब्रश घेऊन मी उभा, आणि मला सांगतात हात लावायचा नाही, प्रकरण चालू आहे. निदान गोणपाट टाकू द्या म्हटलं, तेही नाही. जून उजाडेपर्यंत तोंडावरच्या भेगा हात आत जाईल इतक्या रुंद झाल्या होत्या. शेवटी बदली होऊन नवा माणूस आला. त्यानं शेंग हातात घेतली, "अहो, हा तर शिरस" म्हणाला आणि सही केली. पाच मिनिटांचं काम. मधल्या सगळ्यात रुंद स्लॅब, ज्यांच्यावर टेबलाचा बेत होता, त्या चिरल्यावर मधोमध उकलल्या. आज त्यांचे पाट आणि मांडण्या झाल्यात.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं, कुणाला अतिरेक वाटला तरी चालेल: ओंडका हलवण्याआधी नाव पक्कं करा आणि ते प्रत्येक कागदावर शास्त्रीय नावासकट लिहा. शिरस म्हणजे अल्बिझिया लेबेक, रेन ट्री म्हणजे समानिया समान, शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. पंचनामा होणार असेल तर शेंग आणि पानाची फांदी त्या माणसाच्या हातात द्या आणि नाव वाचून बघितल्याशिवाय सही करू नका. मोजायची टेप लावून काढलेले फोटो अर्जाला जोडा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. फाईल अडली तर हेलपाटे मारत बसण्यापेक्षा माहिती अधिकारात सध्याची स्थिती विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी ते फार उशिरा केलं, कारण ओळखीचे लोक सांगत राहिले की संबंध बिघडतील. कसले संबंध!

नियमांबद्दल थोडं, पण मी वकील नाही आणि वनखात्यात माझं कुणी नाही, तेव्हा खात्री तुमची तुम्ही करा. गावाकडच्या खासगी जमिनीवरच्या झाडांना 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन वगैरे येतात, शिरस नाही. शहराच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा लागू होतो, तिथे महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. तोडीची परवानगी लागली नाही म्हणून वाहतुकीचा परवाना लागत नाही, असं समजू नका. ट्रॅक्टरवर ओंडका टाकून अक्कलकोट रोडनं निघण्याआधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तेवढं विचाराच. सगळी कार्यालयं वाईट नसतात. मला जे भेटलं तेवढंच मी सांगतोय.

चिरण्याबद्दल. सॉ मिल परवाना असलेलीच बघा, शेडमध्ये चोरून चालणाऱ्या यंत्रावर दोन पैसे वाचतील पण माल अडकला तर कुणी ओळख देणार नाही. बांधावरच्या झाडात खिळे, तारेचं कुंपण, गुरं बांधायच्या कड्या असतातच. मेटल डिटेक्टर मिळाला तर फिरवून घ्या, नाहीतर तोंडावर निळा-काळा डाग दिसतो का बघा, आत लोखंड असल्याची ती खूण. मिलवाल्याचं पातं तुटलं तर भरपाई कोण देणार हे आधीच बोलून ठेवा.

टेबलाला तयार जाडी दीड इंच हवी असेल तर दोन इंच पाडा. सुकताना लाकूड आकसतं, थोडं वाकतं आणि रंध्यात जातं ते वेगळंच. अगदी मधला, केंद्रातून जाणारा स्लॅब फाटणारच. तो टेबलाला धरू नका, मधोमध उभा चिरून दोन अरुंद फळ्या करा. मिलवाले म्हणतील ओंडका थोडा वाळू द्या, चिरायला बरा पडतो. ऐकू नका. आपल्या हवेत ओला असतानाच चिरलेला बरा.

विकायचा विचार बदलला तर एक हिशोब लक्षात असू द्या. व्यापारी घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात. तुमचा घेर 72 इंच, लांबी 7 फूट धरली तर 18 गुणिले 18 गुणिले 7, भागिले 144, म्हणजे पावणेसोळा घनफूट. गोल ओंडक्याचं खरं घनफळ वीसच्या आसपास आहे. ही फसवणूक नाही, धंद्याची जुनी रीत आहे, पण भाव ठरवताना ते डोक्यात असावं.

सुकवणं हे तुमच्या टेबलाचं खरं काम आहे. जमिनीपासून फूटभर वर सपाट आधार, त्यावर स्लॅब, प्रत्येक दोन स्लॅबमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक, आणि सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका रेषेत. वर दगड किंवा सिमेंटच्या विटांचं वजन. सावली हवी, वारा हवा, पण ऊन आणि थेट झळ नको. आपल्याकडे लाकूड सुकत नाही ही तक्रार नसते, फार भराभर सुकतं ही असते, म्हणून मार्च ते मे बाजूंना गोणपाट सोडा. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब सगळे सांगतात. त्यापेक्षा ओलाव्याचं मीटर घ्या, आकडा 10-12 टक्क्यांवर येऊन स्थिर झाला की पुढचं काम.

पांढऱ्या भागाला किडा लागतोच. गरम पाण्यात टाकणखार दीड भाग आणि बोरिक ॲसिड एक भाग विरघळवून ते ताज्या चिरलेल्या फळ्यांना सगळीकडून मारा, हातमोजे घालून. पावसात भिजलं तर धुऊन जातं, म्हणून छत लागेल. काही जण पांढरा भाग काढूनच टाकतात. मला तो गडद गाभ्याशेजारी छान दिसतो, पण ही आवडीची गोष्ट.

शेवटी विचारलंत की भेगांत निळं रेझिन भरून नदीसारखं टेबल करू का. करा, तुमचं घर आहे. माझं मत नको. रेझिन महाग, ओलावा राहिलेल्या लाकडाला नीट धरत नाही, आणि शिरसाच्या रेघांपुढे ते प्लॅस्टिक वाटतं. भेगेवर गाभ्याच्याच लाकडाची फुलपाखराच्या आकाराची पच्चर मिस्त्रींकडून बसवून घ्या. शेंगेचा आणि ताज्या आडव्या छेदाचा जवळून फोटो टाका, मग ओळख पक्की सांगतो.